एन्सेलाडसकडे पुन्हा जायचंय, पण या वेळी सावकाश

९ ऑक्टोबर २००८ रोजी कॅसिनी हे यान शनीच्या एका चंद्रावरून गेलं, पृष्ठभागापासून अवघ्या २५ किलोमीटर उंचीवरून. प्रवासी विमानं दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडतात, म्हणजे हे त्याच्या जेमतेम दुप्पट. मात्र वेग होता सेकंदाला जवळपास १८ किलोमीटर. या वेगानं तो अख्खा चंद्र या कडेपासून त्या कडेपर्यंत ओलांडायला तीस सेकंदही लागत नाहीत. तेवढ्या घाईत यानानं चंद्रातून उडणाऱ्या फवाऱ्यात तोंड घातलं, मिळेल तेवढं चाखलं आणि पुढं निघून गेलं.

हा चंद्र म्हणजे एन्सेलाडस. त्याच्याविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बहुतेक अशा धावत्या भेटींतून हाती आलेलं आहे. तिथं पुन्हा जायचे प्रस्ताव गेली पंधराएक वर्षं येत आहेत. त्यांची यानं वेगळी, उपकरणं वेगळी, खर्च वेगळे, पण बारकाईनं पाहिलं तर बहुतेकांची खटपट एकाच गोष्टीसाठी आहे: वेग कमी कसा करायचा. या लेखात मुख्यतः तेवढंच उलगडायचं आहे. त्याआधी या चंद्राची ओळख करून घेऊ.

एन्सेलाडस विल्यम हर्शेल यांना १७८९ साली दिसला. नाव मात्र बऱ्याच उशिरा, १८४७ मध्ये, त्यांच्या मुलानं, जॉन हर्शेल यांनी सुचवलं. व्यास ५०४ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राच्या साधारण सातवा हिस्सा. शनीपासून २ लाख ३८ हजार किलोमीटरवर राहून तो ३३ तासांत एक फेरी पूर्ण करतो. त्याचा पृष्ठभाग इतका पांढराशुभ्र आहे की पडलेला बहुतेक प्रकाश तो परत पाठवून देतो. त्यामुळे ऊब अशी टिकतच नाही. तापमान उणे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तुलनेत एक टक्क्याहून थोडंसंच जास्त. ६० किलोच्या माणसाचं वजन तिथं जेमतेम ७०० ग्रॅम भरेल. हातातून किल्ली सुटली तर एक मीटर खाली पडायला तिला चार सेकंद लागतील. तेवढ्या वेळात वाकून ती आरामात पुन्हा झेलता येईल.

इतका लहान गोळा म्हणजे मेलेलं जग, असंच कुणीही धरून चालेल. लहान गोळे लवकर थंड होतात. चार-साडेचार अब्ज वर्षांत हा तर आतपर्यंत गोठून दगड व्हायला हवा होता.

पहिली शंका आली ती व्हॉयेजर यानांमुळे. व्हॉयेजर १ नोव्हेंबर १९८० मध्ये शनीजवळून गेलं, पण एन्सेलाडसपासून लांबच राहिलं. व्हॉयेजर २ ऑगस्ट १९८१ मध्ये ८७ हजार किलोमीटरपर्यंत जवळ गेलं. त्याच्या चित्रांत उत्तरेकडे उल्कांच्या माऱ्यानं पडलेले खड्डे दिसले, ते अपेक्षितच होते. पण त्यांच्या शेजारी मोठमोठे सपाट पट्टे होते आणि त्यांवर खड्डे जवळपास नव्हतेच. खड्डे नाहीत याचा अर्थ पृष्ठभाग तरुण आहे. कुणीतरी जुनी पाटी पुसली आहे. शिवाय शनीचं ‘ई’ नावाचं विरळ कडं नेमकं एन्सेलाडसच्या कक्षेपाशी सर्वांत दाट आहे, हेही तोवर लक्षात आलं होतं. म्हणजे पुरावा समोर होता, फक्त तो कशाचा हे कळत नव्हतं. त्यातच शनीला ओलांडल्यावर यानाचा कॅमेरे बसवलेला फिरता मंच अडकला आणि एन्सेलाडस व शेजारचा टेथिस या चंद्रांची काही चित्रं हुकली. तो अडकला नसता तरी खरी जागा दिसलीच नसती, कारण त्या वेळी एन्सेलाडसचा दक्षिण ध्रुव अंधारात होता. हा अंधार लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

कॅसिनीचं उड्डाण झालं १५ ऑक्टोबर १९९७ रोजी. शुक्राला दोनदा, पृथ्वीला एकदा आणि गुरूला एकदा वळसा घालून, प्रत्येकाकडून थोडा वेग उसना घेत ते २००४ च्या मध्यावर शनीच्या कक्षेत शिरलं. मोहीम शनी, त्याची कडी आणि त्याचा सर्वांत मोठा चंद्र टायटन यांच्यासाठी आखलेली होती. एन्सेलाडस यादीत होता, पण किरकोळ.

फेब्रुवारी आणि मार्च २००५ मधल्या पहिल्या दोन भेटींत गंमत झाली. कॅमेऱ्यांना विशेष काही दिसलं नाही. खूण सापडली ती चुंबकमापीला. शनीचं चुंबकीय क्षेत्र एन्सेलाडसजवळ वाकत होतं, जणू त्या चंद्राभोवती आणखी काहीतरी पसरलेलं आहे आणि ते क्षेत्राला अडवतंय. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या मिशेल डोहर्टी या उपकरणाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या चमूनं आग्रह धरला की पुढच्या भेटीत यान आणखी खाली न्या. मोहिमेच्या आखणीत असा बदल करून घेणं सोपं नसतं. इंधनाचा, वेळेचा आणि इतर उपकरणांच्या पाळीचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तरी ते मान्य झालं आणि १४ जुलै २००५ रोजी कॅसिनी १७३ किलोमीटरवरून गेलं. कुणीतरी वाकड्या रेघेवर विश्वास ठेवला, म्हणून पुढचं सगळं घडलं, असं मला नेहमी वाटतं.

त्या भेटीत वाफ सापडली, बर्फाचे कण सापडले. दक्षिण ध्रुव सर्वांत थंड असायला हवा होता, तोच सर्वांत उबदार निघाला. तिथं चार समांतर भेगा आहेत, प्रत्येकी सुमारे १३० किलोमीटर लांब. त्यांना ‘वाघाचे पट्टे’ म्हणतात आणि त्यांची नावं शहरांवरून आहेत: दमास्कस, बगदाद, कैरो, अलेक्झांड्रिया. नोव्हेंबर २००५ मध्ये मागून सूर्यप्रकाश येत असताना काढलेल्या चित्रांत या भेगांतून उसळणारे फवारे स्वच्छ दिसले. पुढच्या काही वर्षांत असे सुमारे शंभर फवारे मोजले गेले. मिळून सेकंदाला २००-३०० किलो पाणी बाहेर पडतं. वाफ इतक्या जोरानं निघते की चंद्राचं गुरुत्वाकर्षण तिला धरून ठेवू शकत नाही. बर्फाचे जड कण बहुतांशी बर्फवृष्टीसारखे खाली पडतात. जे निसटतात ते ‘ई’ कड्यात जातात. त्या कड्याचं कोडं असं सुटलं.

वाफ निघते म्हणजे आत समुद्र आहेच, असं मात्र नाही. बर्फ तापला तरी त्याची थेट वाफ होऊ शकते. इथं निकाल लावला तो मिठानं. ताटलीत खारं पाणी ठेवून ते वाळू दिलं तर मीठ तळाशी राहतं, वाफेबरोबर जात नाही. मग फवारा नुसत्या वाफेचा असेल, तर त्या वाफेपासून बनलेले बर्फाचे कण अळणी असायला हवेत. कॅसिनीच्या धूळमापीनं तपासलेल्या कणांत सोडियमचे क्षार निघाले. ही गोष्ट २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. मग २०११ मध्ये असंही दिसलं की भेगांजवळ उडणाऱ्या कणांचं बहुतेक वस्तुमान खारट कणांचंच आहे. म्हणजे ते समुद्राचे तुषार आहेत, जागच्या जागी गोठलेले.

समुद्र केवढा, हे कळायला डुलणं मोजावं लागलं. एन्सेलाडस शनीभोवती फिरताना किंचित डोलतो. हे डोलणं ०.१२ अंशाचं आहे, म्हणजे विषुववृत्तावर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. ऐकायला क्षुल्लक, पण आतला खडक आणि बाहेरचं बर्फाचं कवच एकमेकांना चिकटलेलं असतं तर एवढंही डोलणं शक्य नव्हतं. कवच सुटं आहे, म्हणजे मध्ये सगळीकडे पाणी आहे. हा निष्कर्ष २०१५ मध्ये निघाला. कवचाची सरासरी जाडी वीस-पंचवीस किलोमीटर असावी आणि दक्षिण ध्रुवापाशी ते बरंच पातळ.

आणि हे पाणी गोठत का नाही? एन्सेलाडस दोन फेऱ्या मारतो तेवढ्या वेळात डायोनी हा बाहेरचा चंद्र एक फेरी मारतो. त्यामुळे डायोनीचा हिसका ठरावीक जागी, ठरावीक तालात बसत राहतो आणि एन्सेलाडसची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही. तो शनीच्या कधी थोडा जवळ, कधी थोडा लांब. शनीची ओढ तशी कमीजास्त होते आणि ३३ तासांच्या प्रत्येक फेरीत चंद्र दाबला जातो, सैल सोडला जातो. तार वारंवार वाकवली की गरम होते, तसंच हे. शनीपासून सर्वांत लांब असताना भेगा जास्त उघडतात आणि फवारा जास्त झळाळतो, हेही कॅसिनीच्या चित्रांत मोजता आलं.

आता मुख्य मुद्दा. गुरूच्या युरोपा या चंद्रावर समुद्र शोधायचा तर जाड बर्फ भेदावा लागेल. एन्सेलाडस स्वतःच आपला समुद्र बाहेर फेकतो. त्यातून जायचं आणि चव घ्यायची, एवढंच काम. कॅसिनीनं ते केलं. त्यातून सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिळाले. ते बनायला तळाशी ९० अंशांच्या आसपास गरम पाणी खडकातून वाहत असायला हवं. २८ ऑक्टोबर २०१५ च्या भेटीत, ४९ किलोमीटरवरून जाताना हायड्रोजन मोजला गेला. कणांत मोठे कार्बनी रेणू मिळाले. जुन्या मोजमापांची पुन्हा छाननी केल्यावर २०२३ मध्ये फॉस्फेटही सापडलं, म्हणजे यान नष्ट होऊन सहा वर्षं झाल्यावर.

हायड्रोजनची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. पृथ्वीच्या समुद्रतळाशी काही सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून मिथेन बनवतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. एन्सेलाडसच्या फवाऱ्यात हे तिन्ही वायू आहेत. बातम्यांत याचं वर्णन ‘जीवांसाठी मेजवानी’ असं झालं. मला त्यातली दुसरी बाजू जास्त खुणावते. हायड्रोजनचं प्रमाण ०.४ ते १.४ टक्के, म्हणजे भरपूर आहे. ताट वाढलेलं असून ते रिकामं होत नसेल, तर कदाचित जेवायला कुणी आलेलंच नाही. किंवा जेवणारे आहेत, पण इतके थोडे की फरक पडत नाही. दोन्हीपैकी काय खरं, हे नुसत्या वायूंच्या प्रमाणावरून ठरत नाही. त्यासाठी रेणू अख्खे बघावे लागतात.

अडचण इथंच आहे. कॅसिनीचं वायू तपासणारं उपकरण टायटनच्या वरच्या वातावरणासाठी बनवलं होतं आणि ९९ हून जास्त रेणुभाराचे रेणू त्याला दिसतच नसत. दुसरं उपकरण धुळीसाठी होतं, त्याची मर्यादा सुमारे २०० पर्यंत. जिवंत पेशीतले कित्येक रेणू याहून कितीतरी मोठे असतात. मोहीम आखताना फवारे कुणाला माहीत नव्हते, त्यामुळे यात कुणाची चूक नाही.

त्याहून मोठी अडचण वेगाची. बर्फाचा एक कण डोळ्यांसमोर आणा, केसाच्या जाडीच्याही शंभराव्या भागाएवढा. तो धूळमापीच्या धातूच्या पत्र्यावर सेकंदाला आठ, दहा, कधी अठरा किलोमीटर वेगानं आदळतो. कणाची क्षणात वाफ होते, तिच्यातले अणू विद्युतभारित होतात आणि उपकरण त्यांचं वजन करतं. ही पद्धत चलाखीची आहे, कारण आदळण्यातूनच विद्युतभार मिळतो. पण रेणू मोठा असेल तर त्याच्या ठिकऱ्या उडतात आणि ठिकऱ्यांवरून मूळ वस्तू ओळखावी लागते. प्रयोगशाळेत असे बर्फकण आदळवून पाहिले, तेव्हा सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर वेगापर्यंत त्यांतली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, शाबूत राहिली. कॅसिनीच्या भेटी यापेक्षा बऱ्याच वेगवान होत्या.

अमिनो आम्लं शाबूत का हवीत? नुसतं ‘अमिनो आम्ल सापडलं’ यानं काही सिद्ध होत नाही. ग्लायसीन हे सर्वांत साधं अमिनो आम्ल उल्कांतही मिळतं, ते जीवाविना बनतं. बघायचं असतं ते प्रमाण: ग्लायसीनच्या तुलनेत गुंतागुंतीची आम्लं किती? शिवाय बहुतेक अमिनो आम्लं दोन रूपांत असतात, डाव्या आणि उजव्या हाताच्या पंजासारखी. जीवाविना बनली तर दोन्ही रूपं साधारण सारखी. पृथ्वीवरचे जीव प्रथिनांसाठी डावी रूपंच वापरतात. मेदाम्लांच्या साखळ्यांतही तशीच खूण आहे, त्यांच्यात कार्बनची संख्या बहुधा सम असते, कारण पेशी ती दोन-दोनच्या जोडीनं विणतात. हे सगळं तपासायला पुष्कळ कण हवेत, ते न फुटता हवेत आणि तपासायला वेळ हवा. धावत जाणाऱ्या यानाला यातलं काहीच परवडत नाही.

मग थांबायचं कसं? पृथ्वीवर किंवा मंगळावर उतरताना यान वातावरणात घासून वेग मोडतं. एन्सेलाडसला तसं वातावरण नाही. त्याचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं की त्याच्या जवळून फिरत राहायला सेकंदाला १७० मीटरही वेग पुरतो. उलट शनी प्रचंड. दुरून त्याच्याकडे येणारं यान त्याच्या ओढीनं पिसाटल्यासारखं वेग घेत येतं. तो सगळा वेग इंजिनानं मोडायचा तर इंधनाच्या टाकीखाली बाकी यान झाकून जाईल. म्हणून युक्ती अशी की आधी टायटन, मग रिया, डायोनी, टेथिस अशा एकेका चंद्राजवळून पुन्हा पुन्हा जायचं आणि दर वेळी थोडा वेग त्यांच्या पदरात टाकायचा. जाताना उसना घेतलेला वेग तिथं पोहोचल्यावर फेडायचा, तोही हप्त्याहप्त्यानं. याला वर्षं लागतात.

एवढा खटाटोप टाळणारे प्रस्ताव आधी आले. ‘एन्सेलाडस लाइफ फाइंडर’ या प्रस्तावात कॅसिनीसारखंच फवाऱ्यातून अनेकदा जायचं, पण मोठे रेणू ओळखणारी नवी उपकरणं घेऊन, असा बेत होता. नासाकडे तो दोनदा गेला, दोन्ही वेळा मागे पडला. त्या स्पर्धेत २०१९ मध्ये ड्रॅगनफ्लाय ही टायटनवर उडणाऱ्या यंत्राची मोहीम निवडली गेली. तीही शनीच्याच घरातली, त्यामुळे रुसायला फारशी जागा नाही.

सर्वांत सविस्तर आराखडा आहे तो ऑर्बिलँडरचा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेनं तो केला. कक्षेत फिरणारं आणि खाली उतरणारं यान एकच, म्हणून हे जोडनाव. आराखड्यानुसार उड्डाण २०३८ च्या सुमारास, शनीपाशी २०४५ मध्ये आणि एन्सेलाडसच्या कक्षेत २०५० मध्ये. यातली मधली पाच वर्षं पाहिलीत? ती वेगाचे हप्ते फेडण्याची. मग दीड वर्ष कक्षेत राहून फवारा चाखायचा, उतरायची जागा हेरायची आणि भेगांजवळ उतरून दोन वर्षं तिथंच बसायचं. वरून बर्फ पडतच असतो. तो झेलायचा, खालचा थोडा उचलायचा, वितळवायचा आणि सावकाश तपासायचा. सूर्यप्रकाश तिथं पृथ्वीच्या नव्वदाव्या हिश्श्याएवढा, म्हणून वीज प्लुटोनियमच्या उष्णतेतून. तिथून एक संदेश यायला साधारण ८० मिनिटं लागतात, तेव्हा उतरताना यानाला स्वतःच्या डोक्यानंच चालावं लागेल.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी एप्रिल २०२२ मध्ये पुढच्या दशकासाठी ग्रहविज्ञानाचा प्राधान्यक्रम जाहीर केला. मोठ्या मोहिमांत त्यांनी युरेनसला पहिला आणि ऑर्बिलँडरला दुसरा क्रमांक दिला. अशा यादीत दुसरा क्रमांक म्हणजे काय, ते सरकारी कामांची वाट पाहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. युरोपीय अवकाश संस्थेचं घोडं त्या मानानं पुढं आहे. २०२४ मध्ये तिच्या तज्ज्ञ समितीनं युरोपा आणि टायटन यांना मागे ठेवून एन्सेलाडसची शिफारस केली. उड्डाण २०४० नंतर लवकरच व्हावं, सोबत उतरणारं यानही असावं, असा विचार आहे. नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेनं तर भेगेतून खाली सरपटत जाणारा सापासारखा यंत्रमानव बनवून कॅनडातल्या हिमनदीवर चालवून पाहिला. तो अजून प्रयोगच आहे, पण बघायला झकास आहे.

आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: आपलेच जंतू. पृथ्वीवरून गेलेला जंतू तिथं सापडला तर सगळीच पंचाईत. याच भीतीपोटी इंधन संपत आलेल्या कॅसिनीला भटकू दिलं नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते मुद्दाम शनीच्या वातावरणात लोटून जाळलं गेलं.

उरला तो अंधार. शनीचं वर्ष साडेएकोणतीस वर्षांचं आणि त्याचा अक्ष कललेला, त्यामुळे एन्सेलाडसच्या ध्रुवांवर सुमारे पंधरा वर्षं दिवस आणि पंधरा वर्षं रात्र. व्हॉयेजर पोहोचलं तेव्हा दक्षिण ध्रुवावर नुकताच सूर्य मावळला होता. कॅसिनी पोहोचलं तेव्हा उजेड होता, तो ऑगस्ट २००९ मध्ये गेला. मे २०२५ मध्ये तिथं पुन्हा सूर्य उगवला आहे आणि २०३९ पर्यंत राहील. या उजेडात तिथं पोहोचेल असं एकही यान आज वाटेवर नाही. त्यानंतरची सकाळ २०५४ च्या सुमारास होईल, आणि युरोपातले आखणीकार आपलं वेळापत्रक तिच्याशी जुळवत बसले आहेत.